बापूरावचे बारा किलो

अहेरीच्या बसस्टँडसमोर पहाटे पाचला ज्याच्या हातगाडीवरून तर्रीचा वास सुटतो, त्याच माणसाला सकाळचा नाश्ता बेतानं खा म्हणून सांगणं म्हणजे छळ नाही तर काय? पण बापूराव दुर्गेच्या नशिबी तो आला खरा.

बापूराव छप्पन्न वर्षांचा. उंची बेताची, पोट मात्र बेताचं नाही. तीस वर्षं त्याच जागी त्याची गाडी. तर्री-पोहे, आलुबोंडे, भजे. सकाळची पहिली प्लेट तो स्वतः खायचा, तीही गिऱ्हाइकांच्या देखत, सावकाश, बोटं चाटत. "आपुन खाल्लं नाई ते लोकाईले काऊन द्याचं?" असा त्याचा सवाल. त्यावर तर्रीचं मीठ पाहायला एक वाटी. आलुबोंडा आतून शिजला का, ते पाहायला एक आलुबोंडा. दुसरा घाणा काढला की त्याच्यावर तरी अन्याय का, म्हणून आणखी एक. असं पाहता पाहता काटा चौऱ्याण्णव किलोवर गेला, आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. तर्री करणारा माणूस वाळका असला तर लोकांचा विश्वास बसत नाही.

मग त्याच्या बायकोच्या, कांताच्या, दोन्ही किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला गडचिरोलीला न्यावं लागे. सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागून सरकत सरकत बस जायची, आणि परतताना कांता पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारखी सीटवर पडलेली असायची. पाणी मोजून, मीठ नावाला. लेक रोशनी किडनी द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळला नाही. बापूरावचा जुळला. नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी सगळे कागद पाहिले, मग मान वर करून बापूरावचं पोट पाहिलं.

"देता येईल," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या वजनात नाही. तुम्हालाच धोका आहे. बारा किलो कमी करा, मग पुढचं बोलू. उपाशी राहून नाही हं, नीट खाऊन."

परतीच्या बसमध्ये कांता एकाएकी हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी.

"बारा किलो! तुमी!" पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "का जी, तुमी तं बारा आलुबोंडे कमी नाई करू शकत."

"पाह्यजो तू. बारा तं बारा."

"झालंच मंग," कांता म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून गडचिरोलीपर्यंत गाढ झोपली. बापूरावला वाईट वाटलं थोडं, पण बायको हसली याचंच त्याला जास्त अप्रूप. ती इतकी निवांत का झोपली, हे मात्र त्या बापड्याच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नाश्ता बंद केला. डॉक्टरीणबाईंनी 'उपाशी नको' म्हटलेलं सोयीस्करपणे विसरून. सहा वाजले, सात वाजले, आठला हात थरथरायला लागले, आणि दहाला गिऱ्हाईक ओसरल्यावर भानावर आला तेव्हा उभ्या उभ्या चार आलुबोंडे पोटात गेले होते, मिरच्यांसकट. असं आठवडाभर चाललं. मग त्यानं दवाखान्यातल्या कागदावर लिहिलेले ओट्स आणले. पहिला घास घेतला आणि भिंतीवर पोस्टर चिकटवायची खळ कोणी शिजवून दिली की काय असं त्याला झालं. पोट भरलं नाही ते नाहीच, तोंडही रुसलं.

इकडे गाडीवर वेगळीच गंमत. बापूरावनं पहिली प्लेट खाल्ली नाही, हे काय लपून राहतं? एसटीचा ड्रायव्हर दिनेश प्लेट हातात घेऊन वास घेत उभा.

"काय गा बापूभाऊ, आज पोह्यात काही पडलं का? तू खाऊन नाई राह्यला?"

"काही नाई पडलं. डॉक्टरनं वजन कमी कराले सांगतलं."

"तुले?" दिनेश असा हसला की पोहे नाकात गेले. किडनीचं कोणाला सांगायचं नाही, अशी कांतानं शपथच घातली होती. त्यामुळे बापूराव सगळ्यांची थट्टा गिळून बसला. गिळायला तेवढंच उरलं होतं म्हणा.

तर या सगळ्यातून त्याला वाट दाखवली सोमारीनं. ही एटापल्लीकडच्या गावातली, बाजाराच्या दिवशी मोहफुलं आणि चारोळी घेऊन यायची, आणि परतीच्या बसची वाट पाहत गाडीच्या बाजूला सावलीत बसायची. तिच्याजवळ वाळक्या दुधी भोपळ्याचा तुंबा असे. त्यातून ती काहीतरी पातळ, मातकट रंगाचं द्रोणात ओतून घ्यायची. वीस वर्षं बापूराव ते पाहत होता, पण विचारलं त्या दिवशी पहिल्यांदा.

"बाई, हे काय पेते तू?"

"जावा."

"यानं पोट भरते?"

"सकाळी पेला, आता पेते. मंग घरी जाऊन खाईन." सोमारीनं द्रोण पुढे केला. "घे ना दादा."

नाचणीचं पीठ, थोडी तांदळाची कणी, पाणी, मीठ. रात्रीचं भिजवलेलं किंचित आंबट. बापूरावच्या जिभेनं ते दोनदा फिरवून पाहिलं आणि तिला पटलं. जावा कसा शिजवायचा, किती ढवळायचा, सगळं त्यानं विचारून घेतलं.

आणि पहिल्या आठवड्यात अर्धा किलो वजन वाढलं!

वजन तो मोहफुलांच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर करायचा. पोत्यांच्या मधे उभा राहायचा, आणि आजूबाजूचे "बापूभाऊ कोन्या भावानं?" म्हणून ओरडायचे. त्या दिवशी आकडा पाहून तो तडक सोमारीकडे गेला.

"तुह्या जाव्यानं वाढलं न वजन!"

"जावा पेऊन मंग काय खाल्ला?"

"काही नाई. पोहे. नेहमीचेच."

सोमारीनं त्याच्याकडे असं पाहिलं की छप्पन्न वर्षांचा माणूस पोरासारखा ओशाळला. "दादा, जावा पेला म्हंजे जेवला. तो काय पानी हाय का?"

आता ही चूक बापूरावसारखा माणूसच करणार. प्लेटमधून खाल्लं ते खाणं, पेल्यातून गेलं ते पाणी. तीस वर्षांत चहा त्यानं कधी खाण्यात धरला नव्हता, मग जावा कशाला धरेल? पण बोलणं डोक्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन पेले जावा, सोबत मूठभर मोड आलेले मूग, बस. तर्रीचा थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेचं टोक लावायचं, खारट-आळणी कळलं की हात पुसायचा. दहा वाजले. हात थरथरले नाहीत. आलुबोंड्यांकडे पाहिलं, आलुबोंड्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघं आपापल्या जागी राहिले. बापूरावला एवढा आनंद झाला की त्यानं त्या दिवशी दिनेशला शेव जास्त घातली.

अडीच महिन्यांत आठ किलो गेले. चौऱ्याण्णवचे शहाऐंशी. सदरा लोंबायला लागला. कांता ते पाहत होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "उद्यापासून जावा मी करून देईन. तुमी गाडीचं पाहा."

"तुले कशाले तरास?"

"एवढं तं करू द्या जी."

बापूरावला गहिवरून आलं. आजारी बाई पहाटे चारला उठून आपल्यासाठी चूल पेटवते, यापुढे माणसानं काय बोलावं?

पहिल्याच घोटाला त्याला कळलं. तीस वर्षं तर्री चाखलेली जीभ ती. शेंगदाण्याचा बारीक कूट, भाजून. गुळाची पुसटशी चव. आणि वरून तूप, दिसू नये इतपत घोटलेलं. काय चव होती म्हणून सांगू! बिचारीला आपली दया आली, असं त्याला वाटलं. वाळलेला नवरा कोणत्या बायकोला पाहवतो? नको म्हणायला त्याची जीभ रेटेना. रात्रीची एक पोळी कमी करू, असा हिशेब त्यानं मनात केला आणि पेला रिकामा करून "मस्त झाला" म्हणून निघून गेला.

पुढच्या बाजारी शहाऐंशीच. त्याच्या पुढच्याला शहाऐंशीच. तिसऱ्या बाजारी काट्यावर सत्याऐंशी आले, आणि नागपूरच्या तपासणीची तारीख तर दीड महिन्यावर.

तो घरी आला. कांता अंगणात कांदे चिरत बसली होती. तेवढं गाडीचं काम तिनं अजून सोडलं नव्हतं.

"कांता," तो हळूच म्हणाला, "जाव्यात तूप नको टाकत जाऊ."

"कुठी तूप?"

"अन् कूट. अन् गूळ. मले पयल्या दिवशीच समजलं. तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाई."

विळीवरचा हात थांबला. कांतानं वर पाहिलं नाही.

"टाकीन," ती म्हणाली. "उद्याबी टाकीन. परवाबी टाकीन."

"अवं, पण वजन..."

"वजन कमी होऊ नये म्हणूनच टाकून राह्यली न मी!" आता तिनं वर पाहिलं. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं नव्हतं. "त्या बाईनं बारा किलो म्हटलं तवा मले वाटलं, सुटली. या माणसाच्यानं होत नाई. कोणी याचं पोट फाडत नाई. अन् तुमी खरंच कमी करून राह्यले! उद्या तुमाले काही झालं, तं तुमचा तुकडा पोटात घेऊन मी कोणत्या तोंडानं जगू? मले नाई पाह्यजे. मी हाय तशी बरी."

बापूरावच्या डोक्यात अशी सणक गेली की बस. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तो बायकोवर कधी ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला.

"तू बरी? बसमधून तुले उचलून उतरवतो मी, तू बरी? मी लोकाईची थट्टा ऐकून राह्यलो, डोळ्यासमोर तळलेलं सोडून राह्यलो, ते काय सदरा ढिला व्हावा म्हणून? तू गेली तं मी खाऊ तरी कोणासाठी?"

शेजारची करिश्मा कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि मुकाट्यानं परत गेली. बापूराव धपकन ओट्यावर बसला. कांता कांदे चिरत राहिली, चिरून झालेलेच पुन्हा चिरत.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं आपला जावा आपण केला. नाचणी, कणी, पाणी, मीठ. घरात अबोला. कांता ताट वाढायची, औषधं घ्यायची, बसमध्ये शेजारी बसायची, पण त्या विषयाचं एक अक्षर नाही. ना हो, ना नाही. वजन मात्र उतरत गेलं. पंच्याऐंशी, साडेत्र्याऐंशी. ब्याऐंशीवर काटा थांबला त्या दिवशी व्यापाऱ्यानंही थट्टा केली नाही. आता बापूरावला भुकेची भीती नव्हती. भीती होती ती कांताच्या तोंडाची. तिनं नागपुरात सगळ्यांसमोर 'नको' म्हटलं, की झालं. कोणाच्या पोटात बळजबरीनं किडनी घालता येत नाही.

नागपूरला तपासण्या सगळ्या ठीक निघाल्या. मग समितीसमोर बसायचं होतं. तीन साहेब, एक बाई, आणि समोर कॅमेरा. किडनी कोणी दबावाखाली देत नाही ना, पैशासाठी देत नाही ना, हे विचारायचा तो रिवाज. सोबत रोशनी होती, ती दाराशी थांबली.

"बापूराव, किडनी देण्यासाठी तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? मोकळेपणानं सांगा."

बापूराव खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं थोडा विचार केला.

"दबाव होता साहेब. देऊ नको म्हणून. घरूनच."

साहेब लोक एकमेकांकडे पाहायला लागले. मग त्या बाईंनी कांताकडे मान वळवली. "कांताबाई, तुम्हाला पतीची किडनी घेणं मान्य आहे का?"

कांतानं पदर सारखा केला. बापूरावनं तिच्याकडे पाहिलं नाही, त्याला पाहवलंच नाही. त्यानं आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"बाई," कांता शेवटी म्हणाली, "मी याले तूप घालून अडवलं, गूळ घालून अडवलं. बोलणं सोडून अडवलं. जन्मात कधी भूक न आवरलेला माणूस हा. माह्यासाठी आवरली यानं." तिनं साहेबांसमोरच्या कागदाकडे बोट केलं. "आता याले आणखी उपाशी नाई ठेवत मी. लिवा, हो म्हणून."