सुताराचं भाषण

सुतार मुळात बोलणारा माणूस नव्हे. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे जुन्या फळीतून गंजका खिळा उपटायचा, असं त्याची थोरली बहीण अक्का म्हणायची. तो राहायचा तिच्याकडेच. सकाळी डबा घेऊन कारखान्यात जायचा, रंधा मारायचा, संध्याकाळी परत यायचा. जेवताना "वाढ" आणि "पुरे" एवढे दोन शब्द झाले की त्याचा दिवस संपला.

पण दर गुरुवारी दुपारी हाच माणूस लोकांसमोर उभा राहून बोलायचा. कधी शाळेत, कधी गिरणीच्या उपाहारगृहात, कधी बसचालकांच्या विश्रांतीच्या खोलीत. तो बोलायला लागला की सभागृहात खुर्चीसुद्धा वाजत नसे.

तो सांगायचा ते असं. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या बढतीच्या आनंदात तो भरपूर प्यायला, आणि "आपल्याला काही होत नाही" म्हणत कारखान्याचा टेम्पो घेऊन निघाला. संध्याकाळ होती, अजून उजेड होता. वळणावर सायकलवरून एक तरुण घरी चालला होता. सायकलची घंटी वाजली, ती सुताराने ऐकली, आणि ऐकूनही त्याचा पाय ब्रेकवर वेळेत गेला नाही. तरुण तिथेच रस्त्यावर, सुताराच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. सुतार पळाला नाही. फुटपाथवर बसून राहिला आणि पोलीस आले तेव्हा त्याने आपणहून हात पुढे केले.

तरुणाची आई शाळेत गणित शिकवायची. गावात सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. नवरा आधीच गेलेला, मूल एकुलतं एक. निवृत्तीनंतर तिने चार माणसं गोळा केली, पालिकेचं दार ठोठावलं आणि 'शुद्धीत घरी' नावाचं काम उभं केलं. भाषणं, शपथा, आणि एक गाडी. गाडी अशी, की प्यायलेल्या माणसाने फोन केला तर दोन चालक येणार, एक त्याला घेऊन जाणार आणि दुसरा त्याची गाडी त्याच्या दारात लावणार.

सुतार शिक्षा भोगून सुटला त्याच महिन्यात बाई कारखान्यात आल्या. भुशात पाय रोवून उभ्या राहिल्या.

"माफी मागायची असेल तर मागू नकोस, मला नकोय ती," त्या म्हणाल्या. "मला तू बोलायला हवा आहेस."

नाही म्हणायला सुताराला तोंड कुठे होतं?

तेव्हापासून दर गुरुवारी दोघं एकाच गाडीतून जायची. बाई पुढे, सुतार मागे. वाटेत बोलणं नाही. सभागृहात बाई उठून एवढंच म्हणायच्या, "हा तो माणूस," आणि पहिल्या रांगेत जाऊन बसायच्या. भाषण झालं की परत तसंच, पुढे आणि मागे.

पहिली एक-दोन वर्षं सुतार अडखळायचा, घाम पुसायचा, मध्येच खाली बसायचा. मग हळूहळू त्याला जमायला लागलं. तिथेच सगळं बिनसलं. कोणत्या वाक्याला रुमाल बाहेर निघतात ते त्याला कळू लागलं. घंटीचं सांगून जरा थांबलं तर समोरचे श्वास रोखतात, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो थांबूही लागला. एकदा तर बोलता बोलता त्याच्या डोक्यात एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचा अडकणारा खण आला. खालची पट्टी किती तासावी याचा तो विचार करत होता, तोंड आपलं चालूच होतं, आणि लोक नेहमीसारखेच रडले. त्या रात्री त्याला घास गेला नाही.

"काय झालं रे?" अक्काने विचारलं.

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मला पाठ आहे. चेहरा बघ, उकडलेल्या बटाट्यासारखा झालाय."

पण सांगणार काय? आणि थांबायचं म्हणावं, तर कोणत्या तोंडाने?

मग पाहणीवाली आली. पालिकेला आता विचारायचं होतं की बाबा, या कामाचा उपयोग होतो की नाही. त्यासाठी बाहेरगावाहून हिला नेमलेलं. पन्नाशी उलटलेली, पाठदुखीने वाकलेली, कुठेही बसायच्या आधी खुर्ची हलवून पाहणारी. गावोगाव जाऊन लोकांच्या चांगल्या कामांची तपासणी करणं हाच तिचा धंदा, आणि त्या धंद्याने ती पार दमून गेली होती. चांगलं काम करणाऱ्यांना "याने फरक पडत नाही" असं तोंडावर सांगायचं म्हणजे लग्नघरात जाऊन शिंकण्यासारखं, असं ती म्हणे.

तिने काम मात्र नेटाने केलं. इस्पितळात बसली, नाक्यावर फुंकर-तपासणी करणाऱ्या पोलिसांबरोबर उभी राहिली, भाषण ऐकलेल्यांना भेटली, न ऐकलेल्यांनाही भेटली, आणि असं काहीच काम नसलेल्या शेजारच्या गावातही फिरून आली. शेवटी ती सुताराकडे आली. त्याने स्टूल पुढे केलं. तिने ते हलवून पाहिलं आणि समाधानाने बसली.

ती विचारत गेली, तो "हो", "नाही" म्हणत गेला. ती उठायला लागली तेव्हा तोच म्हणाला, "एक विचारू? माझ्या बोलण्यानं एक तरी माणूस वाचला का, हे कळेल तुम्हाला?"

"एक माणूस कळत नाही हो. वाचलेला माणूस कुठे सांगायला येतो, मी वाचलो म्हणून? त्याला स्वतःलाच माहीत नसतं. मला फक्त गर्दी कळते."

"मग गर्दीचं सांगा."

"झालं की सांगेन."

आणि तिने शब्द पाळला. बैठकीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा कारखान्यात आली. असं काही चारचौघांत पहिल्यांदा कानावर पडू नये, असं तिला वाटलं.

"लोक ऐकतात," ती म्हणाली. "रडतात. शपथ घेतात, आणि खोटी घेत नाहीत. पण महिना-दीड महिना गेला की ऐकलेले आणि न ऐकलेले सारखेच. तितकेच पितात, पिऊन तितकेच गाडीवर बसतात. फरक पडतो तो त्या घरी सोडणाऱ्या गाडीने. जिथे ती जाते तिथे अपघात कमी झालेत, जिथे जात नाही तिथे नाहीत."

सुतार अर्धवट झालेल्या टेबलाला टेकून उभा होता. पाहणीवाली मनात धीराचे दोन शब्द जुळवत होती. आजवर तिच्यासमोर लोक चिडले होते, भांडले होते, एकाने तर तिला दार दाखवलं होतं.

सुतार म्हणाला, "म्हणजे थांबलं तरी चालेल?"

"मला तसं नाही म्हणायचं..."

"पण चालेल ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "चालेल."

त्याने हातातली पटाशी खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. ओझं उतरवलेला हमाल भिंतीला टेकतो, तसा तो टेकला. मग एकदम त्याने विचारलं, "बाईंना सांगितलंत?"

"उद्या सांगणार."

"त्यांना आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. पाहणीवालीला ते पटलं, पण आता उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बैठक झाली. पालिकेचे दोघंतिघं, बाई, आणि दाराजवळच्या खुर्चीवर सुतार. पाहणीवालीने सगळं मांडलं. बाई ऐकत होत्या, हाताची घडी घालून, परीक्षेच्या वर्गात बसावं तशा.

"ऐकलेले आणि न ऐकलेले मुळात सारखेच होते, कशावरून?" बाईंनी विचारलं.

पाहणीवालीने कशावरून ते सांगितलं.

"आणि शेजारच्या गावात रस्ताच चांगला असेल तर?"

तिने त्याचंही उत्तर दिलं. बाईंनी आणखी दोन-तीन शंका काढल्या. एकही वावगी नव्हती आणि एकीलाही उत्तर नाही असं झालं नाही. जन्मभर गणित शिकवलेली बाई, खोटं कसं बोलणार?

"गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण भाषणं चालू राहतील."

"बाई, उपयोग नाही म्हटल्यावर..." पालिकेतला एकजण चाचरला.

"लोकांना नसेल. मला ऐकायची आहेत."

पालिकेतल्या माणसाने पाहणीवालीकडे पाहिलं.

"माझ्या घरात पोराचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही," बाई म्हणाल्या. "भाषणात ते मोठ्यानं घेतलं जातं. आणि त्याला शेवटचं पाहिलं ते यानंच. मी नव्हते तिथे."

सुतार उभा राहिला. एरवी भाषणात इतका मोकळा चालणारा आवाज आता बसला होता.

"बाई, मी थकलो."

"मी नाही थकले?"

"तसं नाही. आधी बोलताना तो मला दिसायचा. आता दिसत नाही. नुसते शब्द येतात. मी तिथे नसतोच. तुम्ही ऐकता ते पाठांतर आहे."

बाईंनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"ठाऊक आहे मला. केव्हापासून ठाऊक आहे. इतकी पोरं शिकवली, मला पाठांतर ओळखू येत नाही होय?"

"मग?"

"मग काय? पाठांतर तर पाठांतर. तेवढं तरी होतं."

पाहणीवालीने कागद गोळा केले. संध्याकाळच्या बसने ती पुढच्या गावी गेली. तिथे दुसऱ्या कोणाचं तरी चांगलं काम तिची वाट पाहत होतं.

पालिकेने भाषणं बंद केली आणि दुसरी गाडी घेतली. सुताराला वाटलं होतं, आता बरं वाटेल. बरं असं काही वाटलं नाही. गुरुवारी दुपारी तो घरी येऊन मेल्यासारखा झोपू लागला. अक्का दारातून डोकावून जायची. "किती वर्षांची झोप साठवून ठेवली होतीस रे?" म्हणायची, आणि पंखा वाढवायची.

बाईंना घरी बसवेना. त्यांनी गाडीच्या फोनवर बसायचं काम मागून घेतलं. दारुड्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा, आणि काम नेमकं त्यांच्याशीच बोलायचं. पण आवाज शाळेतला होता. "कुठे उभे आहात? तिथेच थांबा. किल्लीला हात लावायचा नाही. काय म्हटलं मी?" पलीकडून भले भले बाप्ये अडखळत्या जिभेने म्हणायचे, "हो बाई. नाही लावत बाई." त्यातले निम्मे त्यांचे विद्यार्थीच निघायचे.

फोनच्या खोलीत टेबल नव्हतं. पालिकेने सांगितलं आणि काम फिरत फिरत सुताराकडेच आलं. त्याने टेबल नेऊन बसवलं, एक पाय जरा लांब होता तो खाली बसून तासू लागला. बाई समोर होत्या. फोन शांत होता.

"तुझ्याकडे त्याचं काही राहिलंय का सांगायचं?" बाईंनी विचारलं. "भाषणात न आलेलं?"

सुताराने हात थांबवून खरोखर आठवून पाहिलं.

"नाही बाई. होतं तेवढं सगळं दिलं."

"हं." खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "त्याला गणित अजिबात यायचं नाही. माझा मुलगा, आणि पाढे येईनात. शाळेत मान खाली घालावी लागायची मला."

सुतार पुन्हा पाय तासू लागला.

"सायकल मात्र अशी पुसायचा, की तेवढं अंग कधी पुसलं नाही. मोज्यांचा वास यायचा..." आणि त्या सांगत राहिल्या. सांगण्याला धड ना आगा ना पीछा. लहानपणचं मध्येच, नोकरीचं आधी, तेच ते दोनदा. सुताराला त्या मुलाची मोजकी शेवटची मिनिटं तेवढी ठाऊक होती. आता तो पाढे चुकणारा, उशिरा उठणारा, आईला वेडावून दाखवणारा कोणी होऊ लागला, आणि हे ऐकणं बोलण्याहून जड होतं. टेबलाचा पाय केव्हाच सारखा झाला होता. तरी तो जमिनीवर बसून राहिला.

फोन वाजला. बाईंनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि रिसीव्हर उचलला.

"कुठे उभे आहात?"

सुताराने हत्यारं पिशवीत भरली. निघताना त्याने विचारलं, "खुर्चीलाही जरा हात लावायला हवा. पुढच्या आठवड्यात येऊ?"

बाईंनी फोनवर हात ठेवला. "ये," त्या म्हणाल्या, आणि पलीकडच्या माणसाला पुन्हा दटावू लागल्या.