बिनक्रीजची पँट

"मास्तर, बघणाऱ्याच्या ध्यानात ऱ्हाईल असलं काय बी नगं." कापड काउंटरवर टाकायच्या आधी हे ठरलेलं. मंगळवार पेठेत माझं शिलाईचं दुकान. इथं माणसं येतात ती चारचौघांत उठून दिसायला. तुम्हीच सांगा, अजिबात दिसायचं नाही म्हणणारं गिऱ्हाईक कुणी बघितलंय?

हवालदार होते ते, पण साध्या वेशातले. शर्टाखाली कमरेला पिस्तूल. ते दुकानात कधी काढलं नाही. मापाला तेवढ्याच आकाराचा लाकडी ठोकळा आणायचे. तो कमरेला खोचला की मी टेप धरायचो. कंबर दीड इंच सैल, पट्ट्याचे लूप रुंद आणि दुहेरी शिलाईचे, कापड जाड पण मऊ, रंग मळखाऊ. जरा चकाकणारं काही दाखवलं की म्हणायचे, "लग्नाला चाललोय व्हय मी?"

ट्रायल म्हणजे तर तमाशाच. खुर्चीवर बसायचे, उकिडवे बसायचे, स्टुलावर टांग टाकून मोटारसायकल चालवायचे. मग शर्ट बाहेर सोडून विचारायचे, "दिसतंय काय?"

"पोट दिसतंय," मी म्हणायचो. खदाखदा हसायचे.

जाताना मात्र दर वेळी बजावायचे, "क्रीज पाडू नका. कडक क्रीज बघितली की चोर लांबनं वळखतोय, पोलीस आला."

आणि मी गाढव! एका दिवाळीत कामाची धांदल, तीस वर्षांची हाताची सवय. इस्त्री फिरली ती सुरीसारखी क्रीज पाडूनच. तशीच पिशवीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी घाईत त्यांनी तीच चढवली आणि उचगावच्या बाजारात एका फरारी माणसाच्या मागावर गेले. त्यानं आधी पँट बघितली, मग कोयता काढला.

जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं निकामी झाली. पिस्तूल गेलं, टेबलाचं काम नशिबी आलं.

आता हा माणूस येऊन माझी गचांडी धरणार, म्हणून मी दोन महिने दाराकडं बघत होतो. आले. "मास्तर, पँट शिवायची हाय. आता ठोकळा लागत न्हाय." मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "माप घ्या की." मी भित्रा, गप्प बसलो. पुढची सात वर्षं गप्पच बसलो.

गेल्या वर्षी हार्ट अटॅकनं ते गेले. महिन्याभरानं त्यांची बायको दुकानात आली. त्यांच्या पँटी स्वतःच्या भावाच्या मापाच्या करून हव्या होत्या.

"जन्मात इस्त्रीला हात लावला न्हाय माणसानं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी म्हणं हौसेनं क्रीज पाडली, आणि हात घालवून बसले. लई बोलले मी त्यास्नी, भावजी. येता-जाता बोलले."

"वहिनी, ती क्रीज माझ्या हातची. त्यांनी तुमास्नी खोटं सांगितलं."

वाटलं, आता ही बाई मला उभा चिरणार. पण त्या स्टुलावर बसल्या. गठ्ठ्यातली वरची पँट मांडीवर घेतली, तिच्यावरून सावकाश हात फिरवला.

"सात वर्षं मी उगाचच बोलत ऱ्हायले व्हय?" त्या माझ्याकडं न बघता पँटीलाच म्हणाल्या. "आणि तुमी ऐकून घेतलंसा!"