वत्सला सिस्टरचं दाभण

सरकारी दवाखान्यातल्या कुठल्याही नर्सच्या खिशात कात्री सापडायची. वत्सला सिस्टरच्या खिशात दाभण असे, पोती शिवायचं. कर्जतच्या बाजूला मी डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा मला वाटलं, बाई फावल्या वेळात गोधड्या शिवत असतील. तसं विचारलंही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कळंल तुमाला, डॉक्टरसाहेब."

आठवडाभरातच कळलं. साठच्या दशकातली गोष्ट. डोकं फिरलेल्या माणसाला आधी भगताकडे न्यायचे आणि भगत थकला की आमच्याकडे. तेही बैलगाडीत, गुराच्या दाव्यानं हातपाय आवळून. आमचा तातडीचा विभाग म्हणजे एक खोली, एक लोखंडी खाट आणि सिस्टर. गाडी आली की त्या आधी बघ्यांना पिटाळत. "तमाशा हाय का इथं? जावा, भात झोडायचं ऱ्हायलंय तुमचं!" मग दाव्याखाली मऊ फडक्याची घडी सारत, रोग्याला पाणी पाजत आणि नातेवाइकांकडे वळून विचारत, "कुनी बांदलं?" जो पुढे होई त्याच्या हातात ते दाभण देत. "सोड आता. तुज्याच हातानं सोड."

मला हा वेळकाढूपणा वाटे. इंजेक्शन भरून मी ताटकळत उभा आणि कुणीतरी गाठीत दाभण घालून झटतोय. एकदा मी चिडलो तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आपन सोडलं तर सुटंल, पन त्याला घरी जायाचंय ना? ज्यानं बांदलं त्याचाच हात त्याला परत कळला पायजे. नायतर घरात शिरताना दोगंबी भितील."

खालापूरकडच्या एका थोरल्या भावानं धाकट्याला असं बांधून आणलं होतं. गाठी निघता निघेनात. तोंडानं शिव्या आणि डोळ्यांतून पाणी, असा तो सोडत बसलेला. आत्तापर्यंत ओरडत असलेला धाकटा एकदम हळू आवाजात म्हणाला, "दादा, डाव्या हाताची आदी सोड, लई दुकतोय." मग माझ्या इंजेक्शनसाठी त्यानं आपणहून दंड पुढे केला. तेव्हापासून सिस्टरना मी मनातल्या मनात गुरू मानलं. पण गुरू मानणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं.

सुगंधा भिवपुरीच्या पलीकडल्या गावची. बाळंत होऊन वीस दिवस झालेले. माझी पोर बदलली, ही माझी नाय, असं ओरडत होती. तान्ही मुलगी सासूपाशी घरी ठेवलेली. नवऱ्यानं बांधून आणलं होतं, आणि तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. सिस्टरनी दाभण पुढे केलं. तो हलेना. "ये रं बाबा, तुजीच बायको हाय," त्या म्हणाल्या. सुगंधाची बोटं निळी पडत चालली होती. मी हात लावून पाहिला, गार. सिस्टर म्हणाल्या, "जरा थांबा, डॉक्टरसाहेब. येतोय तो. बगा, पाऊल उचललंय त्यानं." मला पाऊलबिऊल काही दिसलं नाही. मी ट्रेमधली कात्री घेतली आणि दावं कापलं. दोन मिनिटांत काम झालं म्हणून मी स्वतःवर खूशही झालो.

नवऱ्यानं खाली पडलेले तुकडे पाहिले. "डॉक्टरनी सोडली," तो म्हणाला. "आता ती सरकारची." आणि बाहेर जाऊन त्यानं गाडी जुंपली.

मला वाटलं, संध्याकाळी येईल. तो आलाच नाही. सिस्टर दोनदा त्याच्या गावी जाऊन आल्या, दोन्ही वेळा दार उघडलं नाही. शेवटी सुगंधाला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागलं. काही महिन्यांत ती बरी झाली, पण न्यायला कोण येणार? ती तिथंच राहिली. नवरा रसायनीला कारखान्यात लागला आणि त्यानं दुसरं लग्न केलं. "बोटं गार पडली व्हती, खरं हाय," सिस्टर एवढंच म्हणाल्या. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पुढे माझी मुंबईला बदली झाली. बारा वर्षांनी सिस्टर फार आजारी असल्याचं कळलं म्हणून मी त्यांच्या घरी, कडावला गेलो. तिथं समजलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई ठाण्याला जात होत्या. त्याआधी सुगंधाच्या सासरच्या गावी एक फेरी मारून आजीपाशी राहिलेल्या मुलीला बघून घेत. पोरीचा दात पडला, पोर शाळेत जायला लागली, पोरीला गोवर आला नि गेला, हे सगळं तिच्या आईला सांगायला. सोबत तांदळाची भाकरी आणि सुकट. "तिनं मला कदी इचारलं नाय, दावं कुनी कापलं," सिस्टर म्हणाल्या. "मी बी सांगितलं नाय. पन आता तिला पोरीचं कोन सांगंल, डॉक्टरसाहेब?"

महिनाभरात त्या गेल्या. त्या खोलीत परत उभं राहावं, आणखी पाच मिनिटं कळ काढावी आणि सिस्टरना दिसलेलं ते पाऊल मलाही दिसावं, असं मला अजून वाटतं. आता त्यातलं काहीच हाताशी नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी मी मुलीच्या गावाला जाऊन ठाण्याला पोचलो. सुगंधाचे केस पिकले होते. मी म्हणालो, "मुलगी सातवीत गेली. उंच झालीय. तुमच्यासारखी दिसते." तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आज वच्छीबाय नाय आली?"

सिस्टर वारल्या, हे मी सांगितलं. तिला ते समजलं, कारण तिनं पदरानं डोळे पुसले. तरी ती दाराकडे तोंड करून बसली. मीही तिच्या शेजारी बसलो, दाराकडे बघत.