देसांकामावशींच्या घरचा गरम डबा

सर्बियातल्या झ्रेन्यानिन गावात स्वेतोझारला 'कानाचा माणूस' म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. नोकरी टेलिफोन खात्यात, जीव मात्र घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांत. शेजारच्या देसांकामावशींनी त्याला एकच काम सांगितलं होतं. त्यांचे यजमान हयात असताना रेल्वे वर्कशॉपच्या गायकवृंदात गात. त्या वृंदाची एकुलती एक तबकडी मावशींकडे होती, आणि ती लावली की गाण्यापेक्षा घरघरच जास्त ऐकू येई.

"तेवढी घरघर काढ रे बाबा. त्यांचा आवाज नीट ऐकायचाय."

घरघर तबकडीतून नव्हे, मावशींच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातून येत होती. व्होल्टेज स्थिर ठेवायला तीन पायांचा साधा रेग्युलेटर पुरला असता. स्वस्त, थंड, बिनतक्रार. मित्र मिलुतिनने तेच बजावलं, "मावशींना गाणं ऐकायचंय, मिरवायचंय तुला. शंट बसवू नकोस!"

शंट रेग्युलेटरचा आवाज नितळ, पण गाणं चालू असो वा नसो, तो सारखी वीज खातो आणि तापतो. शनिवारच्या मित्रांच्या बैठकीत तीनपायाला कुणी हिंग लावून विचारत नसे. म्हणून स्वेतोझारने मावशींसाठी अ‍ॅम्प्लिफायरचा नवा डबा बनवला, त्यात शंटच बसवला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! झाकणाला हवेसाठी भोकं पाडली आणि बटण मागे, भिंतीच्या बाजूला दडवलं.

पहिल्या दिवशी तबकडी लागली. एका जागी सगळे थांबतात आणि यजमान एकटेच गातात. तिथे मावशींनी पदर नाही म्हणून एप्रनला डोळे पुसले. मग तिकडच्या रीतीचा पाहुणचार: चमचाभर मुरांबा, पाणी, कॉफी. स्वेतोझार फुशारला.

"मावशी, हा बंद करूच नका. गरम राहिला की गोड वाजतो."

झाकणावर काही ठेवू नका, हेही ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणतील, 'म्हणजे तापतो की काय?' म्हणून त्याने ते गिळलं.

आठवड्याने गेला तर डब्यावर क्रोशाचा पांढराशुभ्र रुमाल. त्या घरात टीव्ही, फ्रिज, काहीच उघडं नसे.

"तुझ्या डब्यासाठी खास विणलाय. बोडका बरा दिसत नव्हता."

सगळी भोकं झाकलेली. रुमालावर तबकडी. स्वेतोझार म्हणाला, "सुरेख झालाय," आणि घरी आला. त्याला स्वतःची लाज वाटली. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत तो जिना उतरताना त्यांचं दारसुद्धा टाळू लागला.

शेवटी मावशींनीच हाक मारली. गॅसवर कॉफी चढवली होती. हातात तबकडी, तळलेल्या पापडासारखी वेडीवाकडी.

"मीच मेली वेंधळी. खिडकीत राहिली असेल, ऊन लागलं असेल. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

आठवडाभर उन्हाची तिरीपही नव्हती. गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण ते 'मीच मेली' त्याला ऐकवेना.

"मावशी, ऊन नाही. माझा डबा. तो तापतो. वर काही ठेवायचं नसतं."

"तुला कधी कळलं?"

"बनवतानाच माहीत होतं."

 मावशींनी तबकडी टेबलावर ठेवली, रुमाल काढून घडी घातली. मग गॅस बंद केला आणि कॉफी तशीच उतरवली.

"आता हा कुठून बंद करायचा, तेवढं दाखवून जा."