पेटीतले चिरूट

कोरीटला आमच्या समोर राहणारे हे गृहस्थ साठीचे आहेत आणि हौस म्हणून घरी चिरूट वळतात. विकत नाहीत, ओढतही नाहीत. केळीच्या शेतातून आले की ओट्यावर बसतात, दोन जातींच्या तंबाखूला गुळाच्या पाण्याचा हात लावून मिसळतात, डोळे मिटून हुंगतात आणि नापसंतीनं पुन्हा चिमूटभर काहीतरी वाढवतात. शेजारी खाटेवर त्यांचे वडील बसलेले असतात.

"तुम्ही ओढत का नाही?" मी एकदा विचारलं.

"बापना समोर कसा वढू?"

बापासमोर वळलेला चालतो, ओढलेला चालत नाही, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. त्यातून पेटीतले चिरूट कमी होत होते. "उंदीर लई जातस," म्हणजे उंदीर नेतात, असं ते शांतपणे सांगायचे.

मग एका दुपारी त्यांच्या गोठ्यामागे धूर दिसला म्हणून धावलो, तर म्हातारबाबा चिरूट ओढत बसलेले. फडकं बांधलेल्या हातानं त्यांनी तो घाईघाईत पाठीमागे लपवला.

"पोऱ्याले सांगू नको, भाऊ."

आता कोणाला काय सांगावं, कळेना. संध्याकाळी ओट्यावर गेलो, तर हे पेटीत नवी काडेपेटी ठेवत होते.

"उंदरांना काडेपेटी कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"उंदीर म्हतारा हुई गया. चुल्हामाईन निखारा लई जास, हात भाजी लेस."