वडाच्या झाडावरचा जार

“माह्या जावेची नजर लय खराब हाय,” शांताकाकूंनी मला गोठ्याच्या दारातच अडवलं. “परवा गोठ्यात डोकावली, अन् आज म्हैस गाभडली.”

मी दर्यापूरकडच्या एका गावात जनावरांची सरकारी डॉक्टर. काकूंच्या तीन म्हशी. एक आधीच गाभडली होती, म्हणजे दिवस भरायच्या आत मेलेलं पारडू टाकलं होतं. आता दुसरी. तिसरी गाभण. एकाच गोठ्यात दोन, त्याही सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे पहिला संशय ब्रुसेला या जिवाणूवर. पारडामागून पडणाऱ्या जारात, म्हणजे वारेत, तो खच्चून भरलेला असतो. माणसालाही धरतो. ताप, सांधेदुखी, आणि बाई गरोदर असली तर तिचंही पोट पडू शकतं.

“जार कुठाय?” मी ग्लोव्ह्ज चढवत विचारलं.

“वडाले बांधला ना.”

“काय?”

“चिकाच्या झाडाले जार बांधला का दूध भरपूर येते. तुमाले कॉलेजात शिकवलं नाही काय?”

नाही शिकवलं. समोर वडाखाली गावाचा हौद. वर जार लोंबतोय, खाली कुत्री आशेनं बसलीत, आणि अर्ध्या गावाची जनावरं पाणी पितायत. जावेच्या नजरेला एवढी मेहनत जन्मात जमली नसती.

“एवढ्या उंच बांधला कोणी? तुम्ही?”

“मी काहून चढू बाप्पा? माहे गुडघे दुखतेत. सुनेनं बांधला.”

सून, अश्विनी, मागे शेणाचं टोपलं घेऊन उभी. सहावा महिना. “अडकला होता ना मॅडम, मीच ओढून काढला,” ती कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. उघड्या हातांनी!

माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, भीतीही वाटली.

“काकू, म्हशी गेल्या खड्ड्यात! आधी हिला दवाखान्यात न्या, रक्त तपासा.”

“म्हशीचा रोग बाईले कसा होईन?”

“पाय दोन का चार, ते तो मोजत नाही!”

अश्विनीनं टोपलं खाली ठेवलं. नवऱ्यानं तिला लगेच गाडीवर बसवून नेलं.

मी म्हशींचं रक्त अकोल्याच्या लॅबला पाठवलं. तिथं गोठलेल्या रक्तातून सुटलेल्या पाण्यात गुलाबी औषधाचा थेंब टाकतात. फाटलेल्या दुधासारखे कण दिसले की पॉझिटिव्ह. मग तालुक्याच्या साहेबांना फोन केला.

“जार पुरला का, मॅडम?”

“झाडावर आहे, सर.”

“झाडावर?”

“चिकाचं झाड आहे, सर.”

साहेब म्हणाले, “चुना जास्त टाका.”

जार उतरवून चुन्यासकट खोल पुरला, हौद धुतला. दोन म्हशी पॉझिटिव्ह निघाल्या. मोठ्या जनावराला यावर इलाज नाही, कायमचं वेगळं बांधायचं. तिसरी निगेटिव्ह. तिला दुसरीकडे हलवायची, तर रिकामा गोठा एकच, जावेचा. काकूंनी तोंड वाकडं करत म्हैस नेली.

अश्विनीचं रक्त डॉक्टरांनी काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा तपासलं. दोन्ही वेळा निगेटिव्ह. मला रडूच आलं. काकूंनी हात जोडले आणि विचारलं, “म्हंजे आता शेन काढू शकते ना?”

मी प्रिस्क्रिप्शन लिहिलं: ‘शेण सासूने काढावे. सकाळ-संध्याकाळ. ग्लोव्ह्ज घालून. सून बाळंत होईपर्यंत.’ खाली सरकारी शिक्का हाणला. माझ्या नोकरीत एवढा लांब कोर्स काकूंशिवाय कोणीच पूर्ण केलेला नाही.

अश्विनीला ठणठणीत मुलगी झाली. जावेच्या गोठ्यातली म्हैसही वेळेवर व्याली.

आता कुठंही जनावर गाभडलं की मी आधी जनावराकडे बघतच नाही. जार कोणी काढला, ते विचारते. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं: सुनेनं.