रात्रभर झाकून ठेवलेली काळी बीअर

काळ्या बीअरचं कुणी कौतुक करू लागलं की मला अजून मळमळतं. हल्ली लोक तिच्यात कॉफी काय शोधतात, चॉकलेट काय शोधतात. मी दोन तऱ्हेची स्टाउट, म्हणजे हीच काळी बीअर, प्यायले आहे. तीही सुरतेत, म्हणजे दारूबंदीच्या राज्यात, आणि बाळंतिणीच्या खाटेवर बसून. तेव्हा मला कुणी चवी सांगायला येऊ नये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गोडादऱ्यात आमची दीड खोली. पहिली मुलगी झाली आणि मला दूध पुरेना. हळीव झालं, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली. दर सोमवारी दवाखान्यातली नर्स मुलीला काट्यावर ठेवायची आणि म्हणायची, ''वजन वधतुं नथी, बेन.'' सहाव्या आठवड्यात तर ते उतरलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस बघा, नाहीतर पावडरचा डबा सुरू करा. सासूबाईंना डबा नको होता, कारण आमच्या नळाला कधी तांबडं पाणी यायचं, कधी वासाचं. मलाही नको होता. आपल्या अंगावर आपलं लेकरू जगत नाही, याची मला भयंकर लाज वाटायची.

नवरा बमरोलीला कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. त्याच्या पाळीतला एक जण सुट्टीच्या दिवशी दमणला, जिथं दारू खुली होती, जाऊन पिऊन यायचा. त्यानं याच्या डोक्यात भरवलं की काळी बीअर दिली की बाळंतिणीला दूध उतरतं. लगेच पुढच्या आठवड्यात टॉवेलात गुंडाळलेली बाटली घरात आली.

मला वाटलं, आता सासूबाई दोघांनाही उंबऱ्याबाहेर काढणार. सासरे दारूनं गेले, एवढंच मला सांगितलेलं होतं. कसे गेले ते कुणी बोलत नसे आणि मीही विचारलं नव्हतं. दारूचं नाव काढलं की या बाई चप्पल हातात घ्यायच्या. पण त्या दिवशी त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, नातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ''खोल.''

खोलली. पहिले दोन मोठे घोट त्यांनी स्वतः घेतले! उरलेली तांब्यात ओतली, वर ताटली झाकली आणि तांब्या फळीवर ठेवून दिला. मला मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याआधी त्या दारात उजेडाला बसल्या, सुईत दोरा ओवला, मजुरीच्या कामासाठी घरी आणलेल्या साडीवर चार टिकल्या लावल्या आणि मग पेला माझ्यासमोर धरून म्हणाल्या, ''ले, पी.''

आमच्या मागे खाडी होती. मिलमध्ये ज्या दिवशी काळा रंग लागायचा त्या दिवशी ती खाडी जशी दिसायची, तशी ती बीअर दिसत होती. फेस बिस रात्रीतच मेलेला. करपलेला गूळ, गंजका खिळा आणि भिजलेलं बारदान एकत्र उकळून गार करावं, तशी चव. नाक दाबून प्यायले आणि अर्धी मोरीत ओकले.

''पहिलीवरून ठरवू नको,'' नवरा म्हणाला. त्या मित्राच्या मते इथली आणि परदेशी यात जमीन-अस्मानाचा फरक होता. मग परदेशी बाटली आली. पुन्हा तेच. संध्याकाळी सासूबाईंचे दोन घोट, रात्रभर ताटलीखाली, दुपारी सुई-दोरा, मग मी. सासूबाईंनी निकालही दिला, ''हाई कडू शे. मागली बरी व्हती.'' कडू तर होतीच. कारल्याच्या काढ्यात चुलीतली राख कालवल्यासारखी. वर पहिल्या बाटलीच्या रात्रीसारखाच त्या रात्रीही त्यांनी झिरोचा बल्ब मालवू दिला नाही, त्यामुळे झोपेचं खोबरं झालं ते वेगळंच. दुधात थेंबाची वाढ नाही. म्हशीला पेंड बदलून बघतात, तसं माझं चाललं होतं, आणि पेंडीची चव सासू घेत होती. मला त्या बाटल्यांची किळस होती, नवऱ्याच्या आशाळभूत तोंडाची किळस होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सासूबाईंची होती. या वयात चटक लागली म्हातारीला, असं मी मनात म्हणायचे.

तिसरी आली ती छोटी बाटली, गोड स्टाउटची. सासूबाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, ''हाई गोड शे.'' झालं. मला कळून चुकलं की आता हीच दर आठवड्याला येणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेल्याची वाट बघत बसले. मुलगी भुकेनं रडून रडून दमली होती. सासूबाई दारात सुई घेऊन बसल्या होत्या, पण टिकली काही लागत नव्हती. बराच वेळ गेला. मग त्या उठल्या, फळीवरचा तांब्या काढला आणि सगळीच्या सगळी बीअर मोरीत ओतली.

माझा तोल गेला. ''काल गोड लागली ना तुम्हाला?'' मी ओरडले. ''तुमची हौस फिटली, आता माझ्या पोरीचं काय?''

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, ''माले सुईनं नेढं दिसस नही.'' मला काहीच कळेना. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. ''तुले तं दिसस ना, पोरी?''

मग त्या तुटक तुटक बोलत गेल्या. सासऱ्यांनी एका संध्याकाळी कुठूनशी आणलेली दारू घेतली, जेवले, झोपले. सकाळी खोलीभर ऊन असताना ते बायकोला म्हणाले, दिवा का लावला नाही? संध्याकाळपर्यंत गेले. तेव्हापासून दारूतलं विष आधी डोळ्यांत उतरतं, एवढं या बाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी स्वतः घ्यायची, रात्र जाऊ द्यायची, सकाळ जाऊ द्यायची, सुई ओवून बघायची आणि मगच सुनेला द्यायची. आधीच्या दोन्ही बाटल्या माझ्या पोटात गेलेल्या होत्या.

मी सुई घेतली आणि उजेडात धरली. नेढं डिंकानं बुजलेलं होतं. आदल्या दिवशी साडीवर खडे चिकटवताना मीच त्या सुईनं डिंकाच्या ट्यूबचं तोंड मोकळं केलं होतं आणि तशीच ती डबीत टाकली होती. मी दुसरी सुई दिली. पहिल्याच खेपेला दोरा गेला.

सासूबाईंनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. ''चिकट सुई डबामा ठेवस का?'' म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून बसल्या.

त्याच संध्याकाळी पावडरचा डबा आला. पाणी सासूबाई स्वतः उकळायच्या, पार निम्मं होईपर्यंत. तिसऱ्या सोमवारी काटा पुढे सरकला. लाजेची गोष्ट माझ्या मनातून जायला मात्र बरेच महिने लागले.

पुष्कळ वर्षांनी एकदा मी त्यांना गमतीनं विचारलं, ''आई, तिघींतली बरी कोणती होती हो?''

''चव कोनले याद शे?'' त्या म्हणाल्या.

झिरोचा बल्ब त्यांना आठवत होता. त्या तिन्ही रात्री त्या त्याच्याकडेच बघत पडून होत्या.